बाजूला ठेवलेलं गाणं

रत्नागिरीत गाण्याच्या कार्यक्रमाचं मध्यंतर झालं, की चहाभोवती दोन जातींची माणसं जमतात. आत्ता काय ऐकलं त्यावर बोलणारी, आणि कोणाकडे काय ‘प्रायव्हेट’ आहे याची चौकशी करणारी. खल्वायनची मासिक संगीत सभा असो की थिबा राजवाड्याच्या आवारातला आर्ट सर्कलचा महोत्सव, दुसऱ्या जातीची दोन-चार डोकी असतातच. अमक्या बुवांची दादरच्या दिवाणखान्यातली बैठक, तमक्या बाईंचा घरचा रियाज, ध्वनिमुद्रणाआधी स्टुडिओत सहज लावून पाहिलेला सूर. पूर्वी हा माल स्पूलवर फिरायचा, मग कॅसेटवर, आता पेनड्राइव्हवर फिरतो. कंपनीने बाजारात आणलेल्या तबकडीला इथे फारसा मान नाही. ती काय, सगळ्यांकडेच असते!

यात हौस आहे, थोडी हावही आहे. पण खाली एक प्रश्न दडला आहे आणि तो धर्मशास्त्र्यांनी चघळावा असा आहे. गायकाने जे लोकांपुढे ठेवलंच नाही, ते ऐकण्याचा अधिकार श्रोत्याला कोणी दिला?

एके काळी या प्रश्नाचा निकाल यंत्रच लावून टाकायचं. उदाहरण इथलंच. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या काळात त्यांनी मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीसाठी ‘संन्यस्त खड्ग’ हे नाटक लिहिलं. १९३१ साली ते रंगभूमीवर आलं, चाली रामकृष्णबुवा वझ्यांच्या. दीनानाथ १९४२ साली गेले, वय अवघं एक्केचाळीस. आज त्यांचं गाणं ओळखायचं ते तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरून. रंगमंचावर वन्समोअर घेत फुलत जाणारं पद त्यांत मावणं शक्यच नव्हतं. त्या जमान्यात ध्वनिमुद्रण मेणावर व्हायचं. एखादा प्रयत्न फसला, तर मेण तासून पुन्हा वापरायला घेत. त्यामुळे तेव्हाच्या गायकांच्या चुका बहुतेक तिथल्या तिथे पुसल्या गेल्या. ऐकावं की ऐकू नये, हा पेच श्रोत्याला पडलाच नाही.

भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, अल्लादिया खाँ १९४६ साली. दोघांचंही गाणं कानांनी पडताळून पाहायची सोय नाही. शिष्यांचं गाणं ऐकायचं आणि त्यावरून गुरूचा अंदाज बांधायचा. परंपरेवरची श्रद्धा ती हीच.

मग घरोघरी टेपरेकॉर्डर आले आणि घोळ सुरू झाला. अल्लादिया खाँच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी तबकड्या दिल्या, पण रेडिओला त्या दूर ठेवत आणि मैफलीत ध्वनिमुद्रण खपवून घेत नसत. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर त्यांची भैरवी अंतराळात गेली, ही गोष्ट आता इतक्यांदा सांगून झाली आहे की तिच्यातली गंमतही विटली. खरी गंमत इथे जमिनीवरच आहे. त्यांच्या काही मैफलींची ध्वनिमुद्रणं मागे उरली, आणि जयपूर गायकीचा आज अभ्यास करणाऱ्याला आलापीची संथ बढत कळते ती तिथूनच. तबकडीच्या तीन मिनिटांतून ती कळत नाही. ज्या गोष्टीला बाईंचा विरोध, तिच्यावरच त्यांच्या गाण्याची समज उभी.

यावर रसिकांकडे एक ठरलेलं उत्तर असतं. आपल्या गाण्यात पक्की, शेवटची अशी प्रत नसतेच. प्रत्येक बैठक हा नवा खर्डा. मग चोरी कसली? उत्तर चलाख आहे, पण अपुरं आहे. ज्या दिवशी गायक लोकांपुढे बसतो त्या दिवशी तो काहीतरी अर्पण करतो. रियाजाच्या खोलीत तो अर्पण करत नसतो, शोधत असतो. कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात नैवेद्य दाखवण्याआधी पातेल्यात बोट बुडवणाऱ्याला काय ऐकावं लागतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तरीही दार बंद करून भागत नाही, कारण मराठी धर्मपरंपरेनेच ते उघडल्याचा एक मोठा दाखला आहे. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत नकलाकारांच्या हातून पाठभेद शिरले होते. एकनाथांनी प्रती ताडून पाहिल्या, शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ साली पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घुसडू नये, असं शेवटी बजावलं. वारकरी पारायण करतात ते हीच परंपरा प्रमाण मानून. प्रश्न तिथे मिटायला हवा होता. पण १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एक जुनी प्रत छापली आणि ती एकनाथपूर्व असल्याचा दावा केला. संताने नीट करून दिलेला ग्रंथ हातात असताना नीट करण्याआधीचा ग्रंथ धुंडाळणारा हा माणूस, आणि दुर्मीळ स्पूलमागे लागलेला आपला रसिक, यांच्यात फरक विद्वत्तेचा आहे, वृत्तीचा नाही. राजवाड्यांच्या प्रतीवर पंडितांचे वाद झाले, पण तिने पारायणाची पोथी हटवली नाही. एक देव्हाऱ्यापाशी राहिली, दुसरी अभ्यासकाच्या मेजावर. जागा वेगळ्या असल्या, की दोन्ही सुखाने नांदतात.

वझेबुवांचं उदाहरणही याच अंगाचं. सावंतवाडी संस्थानात जन्मलेला हा मुलगा घर सोडून भटकला, ग्वाल्हेरला निसार हुसेन खाँकडे शिकला. घराण्याच्या चीजा उस्ताद जिवापलीकडे जपत, सहज देत नसत. पुढे बुवांनी ‘संगीत कला प्रकाश’मध्ये चीजा छापून मोकळ्या केल्या. बुवांच्या या उदारपणात बळ आहे, कारण चीज मिळवायचे कष्ट त्यांनी स्वतः उपसले होते. पेनड्राइव्ह पुढे सरकवणाऱ्याला फुकटात मोठेपणा मिळतो, हे मात्र नजरेआड करता येत नाही.

कायदा काय म्हणतो? आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा स्वतंत्र हक्क १९९४ साली आला. आज त्याची मुदत ५० वर्षं आहे. पन्नाशी उलटली की वकील उठून जातो. पेच तिथेच बसून राहतो.

या प्रकरणात ऐकण्यापेक्षा मोठा अपराध वेगळाच आहे आणि तो अलीकडचा आहे: दुसऱ्याचं अर्धं गाणं पुरं करणं. जॉन लेननने १९७०च्या दशकाच्या अखेरीस घरी पियानोवर गाऊन एक कॅसेट भरली. १९८० साली तो गेला. १९९५च्या सुमारास बीटल्सच्या उरलेल्या तिघांनी ते गाणं हाती घेतलं आणि सोडून दिलं. २०२३ साली यंत्राने आवाज पियानोपासून सोडवून दिला, मॅकार्टनी आणि स्टार यांनी भर घातली, आणि ‘नाऊ अँड देन’ हे बीटल्सचं गाणं म्हणून बाजारात आलं. ऐकायला ते गोड आहे. पण मित्राची का असेना, ती घातलेली ओवीच. खरखरीत कॅसेट तशीच ऐकवली असती, तर ती लेननची राहिली असती.

याच्या उलट लता मंगेशकरांचं ‘ठीक नहीं लगता’. विशाल भारद्वाज यांनी १९९०च्या दशकात ते ध्वनिमुद्रित केलं, चित्रपट बारगळला, टेपही हरवली. ती सापडल्यावर गाणं २८ सप्टेंबर २०२१ला, लताबाईंच्या ब्याण्णवाव्या वाढदिवशी बाहेर आलं. गाणारी हयात होती. तिला विचारता येत होतं. नव्वद टक्के पेच तेवढ्यानेच सुटतो.

जिथे विचारायला कोणी उरलेलं नाही, तिथे संग्राहकाने निदान हात आवरावा. खोकला, तबलजीची चुकलेली सम, मध्येच संपलेली टेप, सगळं जसंच्या तसं ठेवावं. डब्यावर जागा, साल, साथीदार लिहावेत आणि गायकाची संमती नव्हती हेही लिहावं. कोकणच्या दमट हवेत टेपवर बुरशी चढते, तेव्हा डिजिटल नकल लवकर करावीच लागेल. ती करताना आवाज ‘स्वच्छ’ करून देणाऱ्या उत्साही पुतण्याला मात्र दोन हात लांब ठेवावं.