जशी आहे तशी

दिवाळी तोंडावर आली की आपल्याकडे जुन्याला नवे करण्याची मोठी घाई सुरू होते. भिंतींना रंग लागतो, तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासली जातात, समया लख्ख होतात आणि वर्षभर कोपऱ्यात पडलेली मोडकी खुर्ची सुताराकडे तरी जाते किंवा भंगारवाल्याकडे तरी. या दोन वाटांखेरीज जुन्या वस्तूला तिसरी वाट असू शकते, हे या दिवसांत कुणाच्या मनातही येत नाही. तेव्हा ऐन दिवाळी अंकात ‘जुनी वस्तू जुनीच राहू द्यावी काय?’ असा प्रश्न मी काढला, तर वाचक मला अरसिक म्हणतील. पण प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. त्याच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न येतो आणि तो नीतीचा आहे: एखाद्या वस्तूविषयी खरे बोलणे म्हणजे नेमके काय?

माझ्यापुढे हा प्रश्न एका मोटारीच्या निमित्ताने आला. अमेरिकेत असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने इंटरनेटवरची एक जाहिरात मला पाठवली. १९५७ सालची शेवरोले बेल एअर, चार दारांची, विक्रीला होती. गाडी कधीही नव्याने बनवून घेतलेली नाही, एक दार सोडले तर रंग कारखान्यातलाच आहे आणि ती ‘जशी आहे तशी’ विकायची आहे, असे मालकाने लिहिले होते. सोबत साठ छायाचित्रे. विद्यार्थ्याने लिहिले होते, ‘सर, मोटारींतले तुम्हाला काही कळत नाही हे मला ठाऊक आहे. पण खोटे रचणे हा तुमचा धंदाच आहे. तेव्हा या गाडीची गोष्ट खरी वाटते का, ते सांगा. आणि खरी असेल तर ती घेऊन पार नवीकोरी करावी, की अशीच ठेवावी?’

कादंबरीकाराला याहून गोड टोमणा कोण मारणार! मी कामाला लागलो. मोटारीचे शास्त्र शिकायला नव्हे, तर तिचा पुरावा कसा वाचतात ते शिकायला.

या गाडीच्या जन्मातच एक गंमत आहे. त्या काळी जनरल मोटर्स कंपनीत दरसाल गाडीचे रूप बदलण्याचा रिवाज होता. कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी तो रुजवला आणि गाड्यांना रूप देणारे हार्ली अर्ल यांनी तो कळसाला नेला. यंदाची गाडी पुढच्या वर्षी जुनी वाटली पाहिजे, म्हणजे शेजाऱ्याची नवी पाहून माणूस आपली बदलील. सत्तावन्नची बेल एअर या विचाराचीच लेक. मागच्या बाजूला माशाच्या परांसारखे उंच पंख, जागोजागी क्रोमचा झगमगाट आणि पेट्रोल भरण्याचे तोंड डाव्या पंखाच्या चकाकत्या पट्टीमागे दडवलेले! मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा गाड्या जुळवण्याचा कारखाना १९२८ पासून होता. तो १९५४ साली बंद झाला, म्हणून ही गाडी तिथे काही जुळवली गेली नाही. जी वस्तू वर्षभरात जुनी दिसावी म्हणून घडवली, तिचे साडेसहा दशकांनंतरचे न बदललेपण आज लोक मोलाने घेऊ पाहतात. काळानेच आपल्या कारागिरांची केलेली ही थट्टा म्हणावी लागेल.

आता परीक्षेकडे वळू. जाणकार म्हणतात, छायाचित्रांत काय दिसते ते नंतर पाहावे; काय दिसत नाही ते आधी पाहावे. क्रोमची पन्नास चित्रे असली आणि गाडीच्या पोटाखालचे एकही नसले, तर तिथेच थांबावे. कारण उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात आणि ते मीठ पत्रा खालून खात जाते. वरून गाडी नवरीसारखी दिसते, आत पाय ठेवावा तर तळ नाही. सडक्या पत्र्यावर पुट्टी भरून रंग मारला असेल, तर डोळ्यांना तो पत्त्या लागू देत नाही. पण लोहचुंबकाला फसवता येत नाही. पुट्टीला ते चिकटत नाही. खिडकीच्या रबरावर किंवा दाराच्या बिजागरीवर रंगाचे बारीक शिंतोडे दिसले, तर समजावे की गाडी केव्हा तरी पुन्हा रंगवली आहे.

मग क्रमांक. ‘व्हीसी ५७’ या अक्षरांनी क्रमांक सुरू होत असेल, तर ती सत्तावन्न सालची आठ सिलिंडरांची बेल एअर. त्यापुढे ‘एस’ असेल तर जन्म सेंट लुईसच्या कारखान्यातला. बॉनेट उघडले की इंजिनामागच्या पत्र्यावर एक पट्टी असते. तीवर मूळ रंगाचे आणि आतल्या कापडाचे आकडे असतात. पण त्या वर्षी इंजिनावर गाडीचा क्रमांक ठोकत नसत, फक्त बनावटीची तारीख आणि काही अक्षरे असत. म्हणून इंजिन मूळचेच आहे हे सिद्ध करता येत नाही. तारीख गाडीच्या तारखेशी जुळते, इतकेच म्हणता येते. मीटरचेही तसेच. त्याला आकडे पाचच. ९९,९९९ मैल झाले की ते पुन्हा शून्यावर येते. तेव्हा अडतीस हजार म्हणजे एक लाख अडतीस हजारही असू शकतात. मीटर मागे फिरवणे हा गुन्हा ठरवणारा कायदा साऱ्या अमेरिकेसाठी १९७२ साली झाला. त्याआधीच्या पंधरा वर्षांचा हिशेब कोण देणार? मग ब्रेकच्या पॅडलवरचे रबर पाहायचे. ते झिजून गुळगुळीत झाले असेल आणि मीटर मात्र बालवयाचे आकडे सांगत असेल, तर दोघांपैकी एक खोटे बोलत आहे. आणि रबराला खोटे बोलण्याचे कारण नाही.

हे सारे वाचत असताना माझ्या ध्यानात आले की, न बदललेल्या गाडीचे मोल तिच्या सौंदर्यात नाही, ते साक्षीत आहे. झिजलेले रबर, चालकाच्या कोपराने उडालेला दारावरचा रंग, उन्हाने विटलेले आसन, हे एकेका वर्षाचे जबाब आहेत. गाडी नवी केली म्हणजे गाडी राहते, साक्षीदार जातो. त्याच्या जागी एक सुरेख वेशातला वकील येतो आणि १९५७ साली काय होते ते आपल्याला पटवून सांगू लागतो. तो कदाचित बरोबरही सांगेल. पण त्याने ते पाहिलेले नसते.

इथे कुणी म्हणेल, मास्तर, हे गंजाचे स्तोत्र झाले. आक्षेप रास्त आहे. आपल्या परंपरेत जीर्णोद्धाराला पुण्य मानले आहे आणि ते उगीच नव्हे. ज्या गाडीचा सांगाडाच खचला, तिला एखादा कारागीर पाचपाच वर्षे खपून पुन्हा उभी करतो, त्या श्रमाला मी खोटेपणा कसा म्हणू? शिवाय दुसरीही एक गोष्ट मला टोचते. ज्याला नवे घेता येते, त्यालाच जुने मिरवता येते. माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घराच्या भिंतीचा रंग उडाला, तर त्याला कुणी ‘काळाची साक्ष’ म्हणत नाही; दारिद्र्य म्हणतात. तेव्हा विटलेपणाची पूजा हा पुष्कळदा भरल्या पोटाचा शौक असतो.

आणि शौक म्हटला की बाजार आलाच. नेब्रास्का राज्यात पिअर्स नावाचे लहानसे गाव आहे. तिथे लॅम्ब्रेख्ट शेवरोले ही विक्रीपेढी १९४६ पासून १९९६ पर्यंत चालली. न विकलेल्या आणि बदल्यात आलेल्या गाड्या मालकाने वर्षानुवर्षे तशाच ठेवून दिल्या होत्या. कित्येक उघड्या रानात, भोवती झाडे वाढलेल्या. २०१३ च्या सप्टेंबरात त्यांचा लिलाव झाला. हजारो माणसे गावात लोटली, इंटरनेटवरूनही बोली लागली. १९५८ सालचा एक शेवरोले कॅमिओ पिकअप ट्रक, जेमतेम सव्वा मैल चाललेला, १,४०,००० डॉलरना गेला. साक्षीला असा भाव येऊ लागला की खोटे साक्षीदारही उभे राहतात. आज नवा रंग मुद्दाम घासून विटका करणारे, पत्र्यावर बेताने गंज चढवून देणारे कारागीर तिकडे आहेत! म्हणजे एकेकाळी जुनेपण झाकण्यासाठी रंग लावीत; आता ते दाखवण्यासाठी लावतात. सत्य फॅशन झाले की त्याचीही नक्कल निघते.

तर मग अजिबात हात न लावता वस्तू जपून ठेवली तर? तोही प्रयोग झाला आहे. प्लिमथ, डॉज ही नावे जुन्या मुंबईकरांना परकी नाहीत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात त्या गाड्या जुळवल्या जात. अशीच एक प्लिमथ बेल्व्हेडिअर, अगदी कोरी, ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहराने १५ जून १९५७ रोजी समारंभपूर्वक जमिनीत पुरली. पन्नास वर्षांनी काढायची आणि २००७ साली शहराची लोकसंख्या किती असेल याचा सर्वांत जवळचा अंदाज करणाऱ्याला किंवा त्याच्या वारसांना द्यायची, असे ठरले होते. तोवर पेट्रोल कदाचित मिळणार नाही म्हणून थोडे पेट्रोलही सोबत ठेवले. २००७ च्या जूनमध्ये काँक्रीटची ती तिजोरी उघडली, तो आत पाणी शिरलेले. गाडी गंजाचा गोळा झाली होती. अंदाज जिंकणारा माणूस १९७९ सालीच वारला होता. त्या पन्नास वर्षांत तिच्या सोबतच्या कितीतरी गाड्या रस्त्यावर धावत होत्या, खरचटत होत्या, दुरुस्त होत होत्या आणि म्हणूनच शाबूत होत्या. न वापरलेली वस्तू शुद्ध राहते, हा आपला भ्रम आहे. तिलाही काळ भेटतोच. फक्त त्या भेटीची कुणाला वार्ता नसते.

एकीकडे खोटी झळाळी, दुसरीकडे कुजवणारी निष्ठा. मग वाट कोणती? मला ती अजिंठ्याच्या भिंतींवर दिसते. १९२० ते १९२२ च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटू पाहणारा गिलावा भिंतीशी पक्का केला. त्या कामाचे उपकार मानावेत तितके थोडे. पण त्याच हातांनी चित्रांवर लाखेचा चकाकता लेप दिला. पुढे तो लेप पिवळा पडला, तडकला आणि खालचे रंग झाकोळले. तो काढता काढता पुढच्या पिढ्यांची पुरेवाट झाली. माणसे तीच, हेतूही चांगलाच. पण एक काम चित्र टिकावे म्हणून होते आणि दुसरे ते उजळ दिसावे म्हणून. या दोहोंतला भेद ज्याला कळला, त्याला जपणे म्हणजे काय ते कळले.

विद्यार्थ्याला मी जे लिहिले त्याचा सारांश असा. ‘१९५७ च्या गाडीत चारी चाकांच्या ब्रेकचे तेल एकाच पंपातून जाते, कुठे गळती लागली की चारी ब्रेक एकदम जातात. ते बेलाशक बदल. जीव ज्यावर अवलंबून आहे, तिथे मूळपणाचा हट्ट धरू नये. गंज पुढे सरकत असेल तर थांबव. पण केवळ डोळ्यांना बरे वाटावे म्हणून कशाला हात लावू नकोस. आणि जे काही करशील ते तारखेसह एका वहीत लिही, काढलेला भाग डब्यात घालून गाडीसोबतच ठेव. उद्या ही गाडी तू दुसऱ्याला देशील, तेव्हा ती वही न चुकता त्याच्या हाती दे.’

गाडीची गोष्ट खरी वाटते का, या प्रश्नाचे उत्तरही मी दिले. मला ती पट्टीवरच्या आकड्यांवरून पटली नाही. आकडे जुळवता येतात. ती पटली मालकाच्या एका साध्या ओळीवरून. त्याने लिहिले होते की, मागचे डावे दार खांबाला घासले गेल्याने वडिलांनी ते पुन्हा रंगवून घेतले होते आणि त्या दाराचा रंग इतरांशी थोडा जुळत नाही. साठ छायाचित्रांत तो फरक मला काही दिसला नव्हता. त्याने सांगितले नसते तर कुणाला कळलेही नसते, आणि सांगितल्याने किंमत कमीच होणार होती.

आपल्याकडे गोधडीला ठिगळ लावतात ते दिसेल असेच असते. त्यामुळे गोधडी खोटी ठरत नाही. ऊब तर वाढतेच. तेव्हा दुरुस्तीला कुणी भिऊ नये. रंग देण्यातही पाप नाही. रंग दिला हे दडवण्यात आहे. वस्तू असो की माणूस, दोघांनाही काळ सारखाच लागतो आणि दोघांनाही कधी ना कधी ठिगळ लावावे लागते. ‘जशी आहे तशी’ हे शब्द विकणारा आपली जबाबदारी झटकण्यासाठीही लिहू शकतो. पण त्यांच्यापुढे त्या दाराची हकीकत लिहिली, की तेच शब्द एखाद्या सज्जनाने दिलेले वचन होतात.