पाणी उतरलं, मीठ राहिलं

डिचोलीच्या बाजारात एका बाईचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला साडी दाखवायला गादीवरून उठायचं म्हणजे दर वेळी गुडघ्यावर हात टेकावा लागे. वजन ११८ किलो, सोबत मधुमेह, आणि रात्री झोपेत श्वास अडकायचा. काढे पिऊन झाले होते, उपास करून झाले होते, पहाटे मयेच्या तळ्यापर्यंत चालूनही झालं होतं. शेवटी दिवाळीनंतर तिने वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. जठराचा मोठा भाग काढून निमुळती नळी तेवढी ठेवतात, ती स्लीव्ह शस्त्रक्रिया.

पुढचे महिने सुखाचे गेले. दर आठवड्याला काटा खाली. ब्लाउज तीनदा आत घेतले. डॉक्टरांनी मधुमेहाच्या गोळ्या कमी केल्या, मग एक बंदच केली. बाजारातल्या बाया दुकानात थांबून विचारू लागल्या, "कसं केलंस गो?" ती हौसेने सांगायची.

चैत्राच्या सुमाराला काटा ९१ वर आला आणि तिथेच थांबला.

पहिल्या आठवड्यात तिने मनावर घेतलं नाही. दुसऱ्या आठवड्यात काटा बिघडला असेल म्हणून शेजारचा आणून पाहिला. मग ती सकाळी एकदा आणि रात्री एकदा वजन करू लागली. काट्यावर चढण्याआधी बांगड्या काढून ठेवायची, मंगळसूत्रही काढून ठेवायची. ९१. कधी ९१.४. सात आठवडे झाले तरी तेच. "ऑपरेशन फुकट गेलं म्हणायचं," असं कुणीतरी बोलून गेलं, ते तिच्या मनात रुतून बसलं. पोट परत मोठं झालं असणार, आपणच काहीतरी चुकीचं केलं असणार, असं ती स्वतःला दिवसरात्र सांगू लागली.

आणि तिने खाणं तोडलं. अंडं बंद, मासळी बंद. सकाळी वाटीभर पेज, रात्री वाटीभर पेज. पण दुकानात दुपारी डोळ्यांपुढे अंधारी यायची, मग चहा यायचा, चहाबरोबर दोन बिस्किटं. चार वाजता चिमूटभर चिवडा. देवळातून कुणी प्रसाद आणला तर त्यातला लाडवाचा तुकडा. हे सगळं इतकं थोडं थोडं होतं की ते जेवण म्हणून तिच्या हिशेबात आलंच नाही. केस विंचरताना फणीत गुंता येऊ लागला. दुकानाची पायरी चढताना पाय कापू लागले.

तपासणीची ठरलेली तारीख आली, तेव्हा ती गेलीच नाही. वजन उतरलं नाही, आता कोणत्या तोंडाने जायचं, असं तिला वाटलं. या गोष्टीत मला सगळ्यात जास्त सलतं ते हे. वजन भराभर उतरत होतं तेव्हा ही बाई एकही तारीख चुकवत नव्हती, आणि खरी गरज पडली तेव्हा लाजेने घरी बसली. असं अनेकांचं होतं. वजन थांबणं हा या उपचारातला नेहमीचा टप्पा आहे, हे शस्त्रक्रियेआधीच नीट, दोनदा-तीनदा सांगायला हवं. सांगितलेलं असतंही, पण उत्साहाच्या भरात ते कानावरून जातं.

मे महिन्यात मामाकडे देवकार्य होतं. मामाचं घर पेडण्यात, आगरवाड्याला. डिचोलीहून म्हापसा आणि तिथून शिवोलीचा पूल ओलांडून ती गेली. पंगतीत तिच्या पानावर वाढलेलं तसंच राहिलं. मामाने ते पाहिलं, पण पंगतीत काही बोलला नाही. दुपार कलल्यावर म्हणाला, "ओहोटी लागली बाय. चल, मानस बघून येऊ."

खाजन ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शापोरा नदीच्या काठची ही शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. नदी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधात एका ठिकाणी लाकडी दारं, ती मानस. भरती आली की नदीचं पाणी बाहेरून दाबतं आणि दारं आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतलं पाणी दारं ढकलतं आणि बाहेर जातं. गोव्यात ही शेती फार जुनी आहे, आणि ती टिकली ती बांधाकडे रोज लक्ष ठेवणारं कुणीतरी असतं म्हणून.

मामा वाकून बांध बघत चालला होता. कुर्ल्यांनी पाडलेलं भोक दिसलं की बसायचा, आत बोटं घालून किती खोल आहे ते बघायचा, चिखलात पेंढ्याचा बोळा कालवून भोकात कोंबायचा आणि वरून टाचेने दाबायचा. ते बघता बघता तिने मनातलं सगळं सांगून टाकलं. काटा, पेज, चुकवलेली तारीख, सगळं. शस्त्रक्रियेतलं मामाला काही कळत नव्हतं. त्याने शेताकडे हात केला.

"तीन वर्षांमागे उधाणाला हा बांध फुटला, तुला ठाऊक आहे. सगळं खारं पाणी आत. आम्ही बांध घातला, दारं नवी बसवली. ओहोटीला पाणी असं धो धो बाहेर गेलं की चार दिवसांत जमीन वर आली. वाड्यावरचे बघायला आले. म्हणाले, झालं काम."

"मग?"

"मग मिरगाला कोरगूट पेरलं. कोरगूट खाऱ्या जमिनीतही तग धरणारं भात. तेसुद्धा पिवळं पडून करपलं. जमीन वरून चांगली दिसत होती, आत मीठ होतं. पाणी चार दिवसांत जातं बाय, मीठ जात नाही. पावसाचं पाणी साठवायचं, त्यात मीठ उतरू द्यायचं, ओहोटीला सोडायचं. परत साठवायचं, परत सोडायचं. अख्खा पावसाळा तेवढंच. डोळ्याला काही म्हणजे काही दिसत नाही."

"कंटाळा नाही आला?"

"आला की. त्या पलीकडच्या कुणग्याचा मालक तर वैतागून वरची मातीच खरवडून टाकायला निघाला होता. म्हटलं, अरे, माती गेली तर पिकणार कशात? दुसऱ्याने बांधाकडे बघणंच सोडलं. या कुर्ल्यांच्या भोकांतून थोडं थोडं खारं पाणी रोज आत येत राहिलं, आणि तो म्हणत बसला, माझ्याच नशिबात मीठ."

"मग पीक कधी आलं?"

"दुसऱ्या पावसाळ्यात थोडं, तिसऱ्यात बरं. त्या कोपऱ्यात अजून खारं आहे. तिथं भात होणार नाही बहुतेक, तिथं मासळी धरतो." मग उठून हात धूत तो म्हणाला, "पाणी गेलं म्हणून काम संपलं असं समजायचं नाही, आणि पीक दिसत नाही म्हणून काम सोडायचं नाही. मला एवढंच कळतं. तुझ्या पोटाचं तुझ्या डॉक्टरांना विचार. पण विचार. घरी बसू नको."

मामाचं बोलणं शरीरशास्त्रालाही धरून आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखर साठवलेली असते, आणि तिच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं एकदम कमी झालं की आधी हा साठा वापरला जातो आणि त्याबरोबरचं पाणीही जातं. पहिल्या दिवसांत काटा धावतो तो बऱ्याच अंशी यामुळे. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास अनेकांचं वजन एकदा अडतं, ते पाण्याचा हिशेब परत बसू लागतो म्हणून. त्यानंतर चरबी उतरत राहते, पण सावकाश, टप्प्याटप्प्याने. शिवाय ९१ किलोच्या देहाला चालायला, श्वास घ्यायला, ऊब राखायला ११८ किलोच्या देहापेक्षा कमी इंधन पुरतं. शरीर आपला खर्च त्याहूनही थोडा आवरतं घेतं. नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. पुढच्या वर्षी त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. ते सगळे स्वतःहून तयार झालेले होते. त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले, त्यांना सतत थंडी वाजू लागली, आणि खाणं तेवढंच कमी असूनही वजन उतरण्याचा वेग घटत गेला. यात कुणाचा आळस नव्हता, कुणाची लबाडी नव्हती. उपासमार दिसली की देह असाच वागतो. म्हणून काटा अडला की खाणं आणखी तोडणं हा उपाय नव्हे. त्यात स्नायू झिजतात, आणि ते तर विश्रांतीतही इंधन जाळत असतात.

बाई डिचोलीला परतली आणि दुसऱ्याच दिवशी तिने फोन करून चुकलेली तारीख मागून घेतली. आहारतज्ज्ञ मॅडमनी ओरडा दिला नाही. तीन दिवस तोंडात जाईल ते सगळं, चहाच्या घोटासकट, वहीत लिहून आणायला सांगितलं. तिने प्रामाणिकपणे लिहिलं. ती वही बघून मॅडम म्हणाल्या, "तुमच्या तीन दिवसांत प्रथिनं जवळजवळ नाहीतच. रोज निदान साठ ग्रॅम हवीत. आणि ही बिस्किटं, हा चिवडा, हा गोड चहा, हे मऊ आणि पातळ असल्यामुळे नळीतून सहज उतरतं, पोट भरल्याचं कळतही नाही."

तिला आठवलं ते बांधावरचं भोक आणि मामाची त्यात गेलेली बोटं.

मग जेवणाचा क्रम बदलला. आधी अंडं, बांगडा किंवा मुगागाठी, त्यानंतर जागा उरली तर भात. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. दुकानात भूक लागली तर खाणं ताटलीत घेऊन, बसून, चावून. गोड चहा बंद. घरी पाण्याच्या बाटल्या उचलून हातांचा व्यायाम, खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा व्यायाम. रक्तात बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि थायरॉइड तपासलं. जीवनसत्त्वाच्या गोळ्या तिने मध्येच सोडल्या होत्या, त्या पुन्हा सुरू झाल्या आणि जन्मभर घ्यायच्या आहेत हे तिला पुन्हा समजावलं. वजनकाटा नवऱ्याने माळ्यावर टाकला. वजन पंधरा दिवसांतून एकदा, आणि त्याबरोबर कंबरेला टेप.

पहिल्या पंधरवड्यानंतर काटा ९१ वरच होता. टेप मात्र तीन सेंटिमीटर खाली आली होती.

तिने मॅडमना मनातलं विचारलं. "माझं साठ किलो होईल ना?" मॅडमनी खोटी आशा दाखवली नाही. साधारणपणे वजन वर्ष-दीड वर्षापर्यंत उतरतं, मग एका ठिकाणी स्थिरावतं, आणि पुढे काहींचं थोडं वाढतंही. प्रत्येकीचं ठिकाण वेगळं. काहींचं लवकर थांबतं, तेव्हा त्यामागचं कारण शोधायचं असतं, आणि गरज पडली तर औषधंही असतात. "पण तुम्ही इथे आला होतात तेव्हा साडी उचलायला उठवत नव्हतं," त्या म्हणाल्या. "रात्री श्वास अडकत होता. साखरेच्या गोळ्या किती होत्या? ते सगळं या काट्यावर दिसत नाही." बाई गप्प बसून ऐकत राहिली. साठ हा आकडा तिच्या डोक्यातून त्या दिवशी गेला नाही. असे आकडे एका दिवसात जात नाहीत.

आषाढात काटा हलला. ९०, मग ८९. चवथीला माहेरी नेवऱ्या झाल्या, तिने अर्धी खाल्ली आणि ती वहीत लिहिली. मामा विचारायला विसरला नाही. "मीठ उतरतंय का?" त्यावर ती पहिल्यांदा मोकळेपणाने हसली आणि त्याला कंबरेच्या टेपचा हिशेब सांगत बसली.

दिवाळीला शस्त्रक्रियेला वर्ष होत आलं. वजन ८५ झालं होतं, आणि तिथे ते पुन्हा अडलं. एक आठवडा, दोन आठवडे, पाच आठवडे. सणाच्या गिऱ्हाइकीने दुकान भरलं होतं, दिवसभर साड्या उलगडून दाखवायच्या होत्या. तिने आकडा वहीत लिहिला, दुपारचं अंडं चुकवलं नाही, आणि ठरलेल्या तारखेला दुकान नवऱ्यावर सोपवून तपासणीला गेली. रक्तात लोह कमी निघालं. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली, ती घेऊन चार वाजताच्या बसने ती परत दुकानात आली.