पावशेर तूप



आज चिंतनाला तुकोबारायांचा स्वप्नोपदेशाचा अभंग आहे. पण सुरुवात जरा लांबून, थेट इटलीतून करतो.

काल रात्री काम करताना हेडफोनवर ज्युसेप्पे तार्तिनी (१६९२–१७७०) यांचा व्हायोलिन सोनाटा ऐकत होतो. 'डेव्हिल्स ट्रिल' नावाने तो प्रसिद्ध आहे. त्याची गोष्ट लालांद या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १७६९ साली आपल्या प्रवासवर्णनात छापली. तार्तिनींच्या स्वप्नात सैतान आला. यांनी त्याच्या हाती आपलं व्हायोलिन दिलं. त्याने असं काही वाजवलं, की यांचा श्वासच अडकला. जाग येताच ते सूर पकडायची धडपड केली आणि हाती आली ती ही रचना. ही माझी सर्वांत उत्तम रचना, असं ते म्हणत. पण स्वप्नात ऐकलं त्यापुढे ती इतकी फिकी, की संगीतावाचून जगता आलं असतं तर व्हायोलिन फोडून टाकलं असतं, असंही म्हणत.

हे वाचून मला आपलं ओतूर आठवलं. जुन्नर तालुक्यात, मांडवी नदीकाठी बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांना त्यांचा उपदेश झाला तोही स्वप्नातच. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. गंगास्नानाला जाताना वाटेत भेट झाली, मस्तकावर हात ठेवला, 'रामकृष्णहरि' मंत्र दिला. गुरूंनी भोजनाला पावशेर तूप मागितलं, आणि तुकोबा सरळ सांगतात, मला त्याचा विसर पडला. कृपा झाली, पण माझ्या हातून सेवा काही घडली नाही.

हे तूप मला आधी उगाच आलेला तपशील वाटायचा.

मागे एकदा ओतूरला समाधीसमोर बसलो होतो. दहाएक मिनिटं मन इतकं शांत झालं, की उठवेना. मग घरी येऊन तेच पुन्हा मिळवायच्या मागे लागलो. बग रिप्रोड्यूस करतात ना, तसं. तीच वेळ, तीच माळ, तोच हरिपाठ. तसं परत झालंच नाही. शेवटी वैतागून माळ ड्रॉवरमध्ये टाकली. ती कित्येक महिने तिथेच होती.

काल कळलं, माझं कुठे चुकलं. मला काय मिळालं नाही, एवढंच मी रोज मोजत होतो. तुकोबांना रुखरुख लागली ती आपल्याकडून द्यायचं राहिलं याची. आणि ते द्यायला स्वप्न परत पडावं लागत नाही. रोजचं नाम घेता येतं.

तार्तिनींनीही व्हायोलिन फोडलं नाही बरं का. पादुआच्या सेंट अँथनी चर्चमध्ये ते पुढे अनेक वर्षं वाजवत राहिले.

तर आजचा नेम: एक माळ. झाल्यावर 'कसं वाटलं?' असं स्वतःला विचारायचं नाही. आपल्या वाटचं पावशेर तूप समजून ठेवायची आणि उठायचं.

माझी माळ आज सकाळी ड्रॉवरमधून बाहेर आली. मन लागलं नाही. माळ मात्र पूर्ण झाली.

राम कृष्ण हरी!