आपला म्हणून

धानाची कापणी आटोपली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडशाची नाट्यमंडळं, इथल्याच लेखकांच्या संहिता, रात्रभर प्रयोग.

गेल्या हिवाळ्यात गावाकडच्या मित्राचं नाटक पाहिलं आणि म्हणालो, ‘मस्त झालं.’ दुसरा अंक रेंगाळला होता, ते गिळलं. पुण्यात ऑफिसात मी अनोळखी माणसाच्या कोडमधली चूकही सोडत नाही. मग इथे सवलत का? प्रेमापोटी, असं वाटलं.

पण शेजारी तिकीट काढून बसलेल्या आजी दुसऱ्या अंकातच घोंगडी सावरत उठून गेल्या होत्या. त्यांनी त्याला नाटककार म्हणून तोललं. मी फक्त गाववाला म्हणून. माझ्या कौतुकात त्याला कमी लेखणंच होतं.

काल त्याला फोन केला. दुसऱ्या अंकापासूनच सुरुवात केली.