वस्तू कोणाची?



फिलिपिन्स देशात सेबू प्रांताच्या किनाऱ्यावर बोल्होऑन नावाचे गाव आहे. स्पॅनिश राजवटीत ऑगस्टिनियन मिशनऱ्यांनी तेथे पवित्र मरियेच्या नावाने दगडी चर्च बांधले. २००१ साली ते राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून जाहीर झाले. आज पर्यटक ते हौसेने पाहायला येतात.

या चर्चच्या प्रवचनपीठाला संतांच्या कोरीव प्रतिमा असलेल्या लाकडी फळ्या होत्या. त्यांपैकी चार १९८०च्या दशकात नाहीशा झाल्या. फेब्रुवारी २०२४मध्ये मनिला येथील राष्ट्रीय संग्रहालयाने जाहीर केले की, खासगी संग्राहकांनी त्या संग्रहालयाला भेट दिल्या आहेत. सेबूच्या महाधर्मप्रांताने त्या परत मागितल्या. प्रांताचे सरकारही पाठीशी उभे राहिले. अखेर २०२५ साली फळ्या गावी परतल्या.

येथे एक प्रश्न आपण प्रामाणिकपणे विचारायला हवा. संग्रहालयात त्या सुरक्षित नव्हत्या का? साऱ्या देशाला त्या तेथे पाहता आल्या असत्या. चर्चमधून तर त्या एकदा गेल्याच होत्या. शिवाय ३० सप्टेंबर २०२५च्या भूकंपात याच प्रांतातील दानबांतायान येथील संत रोझच्या जुन्या चर्चची मोठी पडझड झाली. तेव्हा सुरक्षिततेचा मुद्दा पोकळ नाही.

तरीही जो नीट सांभाळतो तो मालक, असे म्हणता येत नाही. शेजाऱ्याची गाय आपण कितीही चांगली पोसली, तरी ती शेजाऱ्याचीच राहते. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, परतफेड हा न्यायाचाच भाग आहे. दुसऱ्याची वस्तू हाती असेल, तर ती आपण स्वतः चोरलेली नसली तरी परत केली पाहिजे. चर्चचा कायदाही सांगतो की, धर्मग्रामाच्या मालकीची पवित्र वस्तू केवळ काळ लोटला म्हणून खासगी माणसाची होत नाही.

याहून खोल कारण वस्तूच्या हेतूत आहे. प्रवचनपीठ प्रभुशब्द ऐकवण्यासाठी घडवले जाते. संग्रहालयाच्या भिंतीवर त्याची कला दिसते, पण त्याचे काम थांबते. ज्या लोकांच्या आजोबा-पणजोबांनी त्याच्यासमोर बसून शुभवर्तमान ऐकले, त्यांच्यात ते असावे हेच योग्य.

मात्र हक्क मिळाला की जबाबदारीही आली. परत आणलेल्या फळ्यांसमोर कोणी प्रार्थनेला बसलेच नाही, तर चर्चचेही संग्रहालय होईल. फरक इतकाच की तेथे तिकीट नसेल. आपल्याही चर्चमध्ये पूर्वजांनी दिलेल्या वस्तू आहेत. त्यांची नोंद आपण ठेवतो का? नवे आणताना जुना क्रूस, जुना पुतळा कोठे जातो, याची विचारपूस करतो का? आणि सणाला चर्चचे फोटो काढणारे आपण, इतर रविवारी मिस्साला असतो का?

जक्कयाला आपण ओळखतो. प्रभू घरी आला, तेव्हा त्याने नुसते स्वागत केले नाही, घेतलेले परत देण्याचा शब्द दिला. या आठवड्यात आपण सर्वांनी आपापल्या घरात एकदा पाहावे: दुसऱ्याचे काही आपल्याकडे राहून गेले आहे का?