थाप कोणाची?

आमच्या दादांना जाऊन अकरा वर्षे झाली. गेल्या श्रावणात ते माझ्या घरी पुन्हा वाजले. परंतु वाजले ते तुकड्या-तुकड्यांनी, आणि त्या तुकड्यांनी मला घातलेला प्रश्न अजून माझ्याकडून सुटलेला नाही.

झाले ते असे. माझा भाचा लंडनला असतो. दिवसा तो कचेरीत काम करतो आणि रात्री संगीत जुळवितो. 'जुळवितो' हाच शब्द बरा. कारण 'रचितो' म्हटले की तो स्वतःच संकोचतो, आणि 'वाजवितो' म्हणावे तर त्याला एकही वाद्य धड वाजविता येत नाही. सुट्टीवर आला असता त्याने माळ्यावरच्या पेटीतून एक कॅसेट शोधून काढली. १९८३ साली आमच्या गावच्या सप्ताहात एका रात्रीचे भजन कोणी तरी टेपवर घेतले होते, त्याची ती कॅसेट. पखवाजावर दादा होते. भजन रंगात आल्यावर म्हणणारे क्षणभर थांबतात आणि टाळ-पखवाज तेवढे उरतात, अशी आठ मात्रांची एक जागा भाच्याने हेरली, ती संगणकात उतरवून घेतली आणि एका प्लगिनमध्ये टाकली. प्लगिन म्हणजे मोठ्या यंत्राला जोडावयाचे एक लहानसे अवजार, असे त्याने मला समजाविले.

पडद्यावर आवाजाची आकृती उमटली. दुरून सह्याद्रीची रांग दिसावी तशी. जिथे जिथे चढ एकदम सुरू होतो, म्हणजे जिथे हात चामड्यावर पडला, तिथे तिथे यंत्राने आपण होऊन उभी रेघ मारली. दोन रेघांच्या मधला भाग म्हणजे एक काप. रेघा किती माराव्यात हे ठरविणारी एक सरकपट्टी असते. ती पुढे सारली की यंत्र चिकित्सक बनते आणि बोटाच्या टोकाचा निसटता स्पर्शही वेगळा काप ठरतो. मागे ओढली की ठळक थापा तेवढ्या उरतात. एकोणीस काप निघाले. प्रत्येक काप पेटीच्या एकेका पट्टीवर जाऊन बसला. भाच्याने एक पट्टी दाबली. दादांचा 'धा' वाजला. त्याने तीच पट्टी चार वेळा भराभर दाबली, आणि दादांनी जन्मात कधी वाजविले नव्हते ते दादांच्या हातांनी वाजू लागले.

मी म्हटले, "थांब जरा."

"मामा, हे तिकडे रात्री नाचाच्या जागी वाजेल," तो म्हणाला. "तुमची हरकत नाही ना?"

माझ्या तोंडून लगेच 'नाही' निघाले नाही. ते पाहून त्याने मला कोलमनची हकीकत सांगितली. ती सांगून त्याने आपलीच बाजू लंगडी करून घेतली. पण मुलगा सरळ आहे.

ग्रेगरी कोलमन हा अमेरिकेतला ड्रम वाजविणारा. 'द विन्स्टन्स' नावाच्या वाद्यवृंदात तो होता. १९६९ साली त्यांची एक तबकडी निघाली. तिच्या पहिल्या बाजूचे गाणे गाजले, त्याला ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. मागल्या बाजूला भरतीसाठी 'आमेन, ब्रदर' नावाची एक निव्वळ वाद्यांची चीज होती. तिच्यात एके ठिकाणी सगळी वाद्ये थांबतात आणि कोलमन एकटा चार आवर्तने वाजवितो. सारा मिळून सात सेकंदांचा मामला. पहिली दोन आवर्तने सरळ आहेत. तिसऱ्यात एक ठोका जिथे यावयाचा तिथे न येता किंचित मागाहून येतो. चौथ्यात पहिली जागा तो रिकामीच सोडतो, मग अडखळल्यासारखे करून झांजेवर उतरतो. भाच्याने मला ते मूळ ऐकविले. तबल्याचा थोडाफार कान असलेल्या माणसाला ते रिकामे सोडणे एकदम कळते. सम टाळून समेची जाणीव करून देण्याची ही खोड सगळीकडच्या तालियांत असते म्हणायची!

सतरा वर्षे त्या सात सेकंदांकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९८६ मध्ये असल्या उघड्या ठेक्यांच्या जागांचा एक संग्रह तबकडीरूपाने निघू लागला, त्यात ही चीज आली. आवाजाचा तुकडा स्मृतीत साठवून कळ दाबताच परत देणारी यंत्रे त्याच सुमारास हौशी मंडळींच्या आटोक्यात येत होती. मग अमेरिकेतल्या हिप-हॉपवाल्यांनी तो ठेका घेतला, आणि १९९० नंतर इंग्लंडमधल्या तरुण मुलांनी त्याचे बारीक काप केले, उलटेसुलटे लावले, गती वाढविली, आणि त्यातून 'जंगल' नावाचा संगीताचा एक नवा प्रकारच उभा राहिला. मुळात मिनिटाला सुमारे १३६ मात्रांचा ठेका १६०च्या पुढे धावू लागला. टेप नुसती जलद फिरविली तर आवाज चिरका होतो. कापांचे तसे नाही. प्रत्येक काप आपल्या मूळ स्वरातच राहतो, फक्त पुढचा काप लवकर बोलावयास लागतो. उलट गती कमी केली तर कापाकापांत नि:शब्द फटी पडतात आणि त्या बुजवाव्या लागतात. हे सारे आधी हाताने, कान लावून करावे लागे. १९९४ मध्ये स्टॉकहोमच्या एका कंपनीने 'रिसायकल' नावाची आज्ञावली काढली आणि रेघा मारण्याचे काम संगणकाकडे गेले. भाच्याचे प्लगिन त्याच वंशातले.

आज हजारो गाण्यांत कोलमनचा हात आहे. त्या वाद्यवृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला ही गोष्ट १९९६ पर्यंत माहीतदेखील नव्हती. २०१५ साली काही कृतज्ञ मंडळींनी वर्गणी काढून त्याला चोवीस हजार पौंड दिले. कोलमन २००६ सालीच वारला होता. शेवटी त्याला राहावयास घर नव्हते, आणि आपल्या सात सेकंदांचे जगाने काय केले हे त्याला बहुधा ठाऊकच नव्हते, असे स्पेन्सरने सांगितले आहे. त्याला मानधन म्हणून एक पैदेखील पोचली नाही.

ही हकीकत ऐकली म्हणजे आपण चटकन चोर शोधू लागतो. मीही शोधला, पण तो मला सापडेना. ज्या मुलांनी 'जंगल' उभे केले ती काही कुबेर नव्हती. त्यांनी रात्रीच्या रात्री बसून जे केले त्याला निर्मिती म्हणावयास मला अडचण वाटत नाही. शिवाय 'आमेन, ब्रदर' तरी स्वयंभू कुठे होती? तिची मूळ चाल जेस्टर हेअरस्टनने १९६३च्या एका चित्रपटासाठी बांधलेल्या भजनवजा गीताची. संगीतात उसनवारीवाचून कोणाचे चालते? बरे, कायद्याला विचारावे तर तो दोघांना ओळखतो: चाल बांधणाऱ्याला आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाला. अमेरिकेत १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या मुद्रणांना मध्यवर्ती कायद्याचे तेही संरक्षण नव्हते. ज्याच्या मनगटातून ते सात सेकंद निघाले तो या दोहोंपैकी कोणीच नव्हता. आपल्याकडे १९५७च्या कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली तेव्हा कुठे वाजविणाऱ्याचा हक्क कागदावर आला. आणि आपले नाव लागावे, आपल्या वादनाची मोडतोड होऊ नये, हे म्हणण्याची सोय त्याला २०१२च्या दुरुस्तीने दिली. दादांची कॅसेट १९८३ची. पण दादांच्या वतीने मी वकील गाठणार होतो असे थोडेच आहे!

भाच्याचा खरा युक्तिवाद कायद्याचा नव्हताच. तो म्हणाला, "मामा, 'धा' कोणाच्या मालकीचा आहे? थोरल्या मामांनी तो गुरुजींकडून घेतला, गुरुजींनी त्यांच्या गुरूंकडून. तबलजी कायदा वाजवितो तेव्हा तेच बोल मागेपुढे करूनच पलटे करतो ना? मी निराळे काय केले?"

बिनतोड वाटावा असाच हा प्रश्न आहे, आणि दोन दिवस मला तो तसाच वाटला. मग लक्षात आले की तो 'धा' या शब्दाचे दोन अर्थ एकत्र करीत आहे. 'धा' हा बोल म्हणजे वर्णमालेतल्या अक्षरासारखा आहे; तो सर्वांचा, म्हणून कोणाचाच नाही. न्यायशास्त्राच्या भाषेत ते सामान्य आहे. भाच्याच्या पट्टीवर बसला होता तो मात्र 'धा' नव्हे, एक धा: १९८३च्या एका रात्री, दीडच्या सुमाराला, घामाने ओल्या झालेल्या एका तळव्याने मारलेली एकच थाप. ती दुसऱ्या कोणाला मारता आली नसती, खुद्द दादांनाही पुन्हा मारता आली नसती. दादांनी गुरुजींकडून अक्षर घेतले आणि ते आपल्या हातात उतरवावयास त्यांना सात वर्षे लागली. त्या घेण्याने दादांचा हात बदलला. भाच्याने अक्षर घेतले नाही, हात घेतला. आणि त्याचा स्वतःचा हात होता तसाच राहिला. (आपल्या भाषेने 'थाप' या एकाच शब्दात तालही ठेवला आहे आणि खोटेपणाही, या दोहोंत काही नाते असेल हे मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते.)

"पण एकोणीस तुकडे झाल्यावर त्यात मामा राहिले कुठे?" त्याने विचारले.

मिलिंद राजाला नागसेनाने रथाविषयी असेच विचारले होते: चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय? अवयव सुटे केले की अवयवी उरत नाही, असे बौद्ध म्हणणार. नैयायिक म्हणणार की तो अवयवांहून निराळा आहे. आयुष्यभर मी हा वाद विद्यार्थ्यांना शिकविला, आणि परीक्षेत दोन्ही बाजूंना सारखेच गुण दिले. पण त्या दिवशी भाच्याने सातवी पट्टी दाबली आणि अर्ध्या सेकंदात मी म्हटले, "हा दादा." काप छोटा होता, त्यात ठेका नव्हता, लय नव्हती, तरी माणूस होता. रथाच्या चाकात रथ नसतो हे मान्य. पण माणसाच्या थापेत माणूस असतो, आणि तिथे दृष्टांत मोडतो.

इथवर मला माझी बाजू भक्कम वाटत होती. ती मोडली ती मी त्याला सातवा काप पुन्हा लावावयास सांगितला तेव्हा. दादांच्या थापेमागे टाळांचा किणकिणाट होता. भाचा म्हणाला, ही शेजारची गळती, ती थोडीफार काढता येते, सगळी निघत नाही. ते पाच टाळकरी कोण होते मला ठाऊक होते. त्यांच्या मागे देवळाच्या दगडी मंडपाचा घुमारा होता. आणि सर्वांच्या खाली पखवाजाच्या डाव्या अंगाचा तो भरदार नाद होता, जो तिथे ओली कणीक लावल्यावाचून येत नाही. कणीक वाळत गेली की नाद पोकळ होतो. म्हणून रात्रभराच्या भजनात कोणी तरी ती मळून तयार ठेवावी लागते. त्या रात्री ती मी मळली होती. सैल झाली म्हणून दादांनी सर्वांसमोर मला फटकारले होते, आणि मी रागावून मंडपाबाहेर जाऊन बसलो होतो.

म्हणजे एकोणीस कापांत दादांचे म्हणून सुटे काढता येईल असे काहीच नव्हते. परवानगी दादांची हवी म्हणावे, तर टाळकऱ्यांची का नको? आणि ज्यांचे वाजविणे विठोबापुढचे होते, गळ्यात माळ होती, ज्यांनी सुपारीचे खांडही कधी तोंडात टाकले नाही, त्यांचा हात लंडनच्या मद्यालयात वाजावा की नाही, हे मी कोणत्या नात्याने ठरवावयाचे? धाकटा भाऊ म्हणून? कणकेचा धनी म्हणून?

पाचांपैकी एक टाळकरी अजून आहेत. भाच्याला घेऊन मी गावी गेलो. त्यांना आता डोळ्यांनी दिसत नाही. भाच्याने त्यांच्या कानाला यंत्र लावून आधी मूळ आठ मात्रा ऐकविल्या, मग आपली मांडणी. ते बराच वेळ गप्प होते. नाचाचे, दारूचे मी मुद्दाम सांगितले. त्यावर ते काहीच बोलले नाहीत. मला वाटले होते की ते चिडतील. शेवटी म्हणाले, "दादाची सम जरा मागं यायची. तुझ्यात ती पुढं आलीया. ओढलीस का?"

ओढली होती. यंत्राला मात्रांच्या सारख्या अंतरांची एक जाळी असते, आणि जो काप जाळीच्या रेघेवर बसत नाही त्याला ते ओढून तिथे बसविते. भाचा खाली मान घालून म्हणाला, "हो आजोबा."

"मग ती सोड मागं," ते म्हणाले. दुसरी अट त्यांनी घातली नाही.

मीही घातली नाही. परंतु 'हो' असेही मी कधी म्हटले नाही, हे इथे नमूद केले पाहिजे. भाचा दसऱ्याच्या सुमाराला लंडनहून ते संगीत पाठविता झाला. नावांच्या जागी दादांचे नाव आहे, टाळकऱ्यांची पाचही नावे आहेत, आणि सर्वांत शेवटी 'कणीक' म्हणून माझे आहे. मी दोनदा ते लावले. दोन्ही वेळा दुसऱ्या मिनिटाला, टाळ एकदम थांबतात आणि ती सम मागाहून एकटीच येते, तिथे मी यंत्र बंद केले.