काटकसर कोणाच्या खर्चाने?

सिन्नरच्या बाजारपेठेत घटकाभर उभे राहिले असता जुन्या लहान मोटारी आजही दृष्टीस पडतात, व त्यांत मारुती 800 बहुधा असतेच. 14 डिसेंबर 1983 रोजी श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते ह्या मोटारीची पहिली किल्ली एका नोकरदार गृहस्थास देण्यात आली. पुढील तीस वर्षांत तशा 25 लाखांहून अधिक मोटारी विकल्या गेल्या, आणि जानेवारी 2014 मध्ये तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडरांचे, 796 घन सेंटीमीटरचे ते चिमुकले इंजिन. पण ज्यांच्या वडिलांनी सायकलीपलीकडे वाहन बाळगले नव्हते, अशा असंख्य कुटुंबांस त्याने मोटारीत बसविले.

अशीच एक जुनी मोटार आम्हीही वापरतो. आम्ही ती दुसऱ्याकडून घेतली, तेव्हाच तिचा रंग उडालेला होता. तिने रात्री-अपरात्री आजाऱ्यांस नाशिकच्या दवाखान्यात पोहोचविले आहे, बाळंतिणीस घरी आणले आहे. तिची आम्हांस लाज वाटत नाही. कर्ज काढून दारी नवी मोटार उभी करावी आणि हप्त्याच्या चिंतेने रात्री कूस बदलीत राहावे, ह्यापेक्षा आहे ती वस्तू टिकेल तोवर वापरणे हे शहाणपणाचे, असे आमचे मत होते व आहे. तथापि प्रत्येक सद्गुणाच्या शेजारी त्याचेच सोंग घेतलेला एक दुर्गुण वस्तीस असतो, हे आम्हांस एका उन्हाळ्यात कळले. ते वाचकांपुढे ठेवतो.

सिन्नरहून नाशिकास जाताना मोहदरीचा घाट उतरावा लागतो. उतार लागला की गाडी न्यूट्रल करून सोडून द्यावयाची, म्हणजे थोडे पेट्रोल वाचते, अशी आमची सवय होती; आणि ह्या सवयीस आम्ही काटकसर म्हणत होतो. त्या दिवशी मागच्या आसनावर एक आजारी वृद्ध व त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. अर्धा घाट उतरलो तोच पुढे कांद्याने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली दिसली, व तिच्यावर तीन मजूर बसलेले. आम्ही ब्रेक दाबला. पाय थेट तळाला टेकला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. मग कसाबसा गियर टाकला, हातब्रेक ओढला, आणि ट्रॉलीपासून हातभर अंतरावर मोटार थांबली. त्या मजुरांपैकी एकाने आमच्याकडे पाहून हसून हात हलविला. त्यास काहीच कळले नव्हते.

मिस्त्रीने सांगितलेले कारण असे. ब्रेकचे तेल हवेतील ओल हळूहळू शोषून घेते; म्हणून ते दोन-तीन वर्षांनी बदलावे लागते. आम्ही ते कधीच बदलले नव्हते. त्यात गाडी गियरमध्ये नसल्यामुळे इंजिन तिला आवरून धरीत नव्हते, सगळा भार ब्रेकांवर पडला व ते तापले. तापलेल्या तेलातील पाण्याची वाफ झाली. आणि वाफ दाबली जाते, ती जोर पुढे पोहोचवीत नाही. तेलाचा खर्च काही शे रुपयांचा. घाटात वाचलेले पेट्रोल तर पेलाभरही नसेल. एवढ्या बचतीसाठी आम्ही पाच माणसांचे जीव पणास लावले होते, आणि त्या पाचांपैकी एकाचीही संमती घेतली नव्हती.

ह्यापुढील गोष्ट लिहिताना संकोच होतो. घरी येताच आमच्या मनात पहिला विचार आला तो असा की, ही गाडी आता विकून टाकावी; आणि गिऱ्हाइकाने विचारल्यावाचून आपण होऊन काही बोलू नये. चार दिवस हा विचार मनात राहिला. तो आम्हांस व्यवहार वाटत होता! आपल्या दारचा विंचू शेजाऱ्याच्या दारात टाकणे ह्यास व्यवहार कसे म्हणावे, हा प्रश्न पाचव्या दिवशी सुचला. मग आम्ही दुरुस्तीचा खर्च केला व गाडी ठेवली.

आता मूळ प्रश्न. काटकसर व कंजूषपणा ह्यांत भेद कोणता? पैसा किती वाचला ह्यावरून तो ठरत नाही. वाचलेल्या पैशाची किंमत कोण मोजतो ह्यावरून ठरतो. उन्हात वातानुकूलनावाचून बसणे, फाटक्या आसनावर बसणे, लोकांच्या थट्टेस पात्र होणे ही झळ मालक स्वतः सोसतो. ही काटकसर होय. झिजलेले टायर, मंद दिवे, धूर ओकणारे इंजिन ह्यांतून वाचलेला पैसा मात्र रस्त्यावरील अनोळखी माणसाच्या खिशातून काढलेला असतो, आणि त्यास त्याची वार्ताही नसते.

कोणी म्हणेल, मग गरिबाने मोटार ठेवूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच की, खर्चाचा क्रम उलटा नसावा. आम्ही अनेक जुन्या मोटारी पाहतो; त्यांत गाण्याचे यंत्र नवे, आसनांवर नवी वस्त्रे, आणि टायर मात्र गुळगुळीत! टायरच्या कडेवर चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवितात. ते एकदा वाचून पाहावे. नक्षी शिल्लक असली तरी रबर वयाने तडकते. 26 मे 2023 रोजी शिर्डी ते भरवीर हा समृद्धी महामार्गाचा भाग खुला झाल्यापासून आमच्या तालुक्यातील जुन्या गाड्यांसही वेगाचा मोह पडू लागला आहे. तेथे असे टायर फार घातक.

पंधरा वर्षांनंतर खाजगी मोटारीची तपासणी होऊन नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. ती जरूर करून घ्यावी. परंतु कागद पाच वर्षांचा असतो, ब्रेक आजचा असावा लागतो. आणि रोजची तपासणी करणारा अधिकारी मालकाचे स्वतःचे मन हाच होय.

आम्ही अजून मोहदरी घाट त्याच मोटारीने उतरतो. आता दुसऱ्या गियरमध्ये, सावकाश. मागून येणारे भोंगे वाजवितात. पेट्रोल थोडे अधिक जाते. तो खर्च आमचा आहे, आणि तो आम्हीच करावा हे योग्य.